न घेतलेला नियम

धन्यकुमार मगदूमांचं धर्माशी कधी भांडण झालं नाही, कारण त्यांनी धर्माशी आधीपासूनच जमवून घेतलं होतं. वारणेकाठी त्यांची हळद आणि ऊस. घर जैनाचं, म्हणून जमिनीखाली वाढणारा कांदा-बटाटा आत येत नसे. हळदही जमिनीखालीच वाढते की, असं कुणी चिडवलं तर ते शांतपणे सांगत, ‘वाळली की चालती.’ जेवण सूर्य मावळायच्या आत हवं, पण सांगलीच्या यार्डात सौदा लांबला तर सूर्य ढगाआड गेलाय, मावळलेला नाही, हेही त्यांना पटायचं. माणूस वाईट नव्हता, सोयीचा होता. असली माणसं गावाला लागतातच, त्यांच्यामुळं बांधावरची भांडणं मिटतात.

त्यांच्या बायकोचं, आक्काताईंचं, तसं नव्हतं. थोरली दीपाली लहानपणी तापानं फणफणली होती, तेव्हा आक्काताईंनी बस्तीत जाऊन, म्हणजे गावातल्या जैन मंदिरात भगवंतासमोर उभं राहून नियम घेतला: पोरीच्या डोक्यावर अक्षता पडेपर्यंत गोड खाणार नाही. पोर आठवड्यात बरी झाली. नियम मात्र तिच्या लग्नापर्यंत चालला. मधल्या काळात घरात किती सण झाले, किती पोळ्या लाटल्या गेल्या, पण त्यातला घास या बाईच्या तोंडात गेला नाही. त्यांना कुणी खोटं बोलताना ऐकलं नव्हतं, आणि त्याबद्दल त्या कधी बोलूनही दाखवत नसत.

धाकटा भरतेश साताऱ्याच्या सैनिकी शाळेत शिकला आणि पुढं सैन्यात अधिकारी झाला. तेव्हा भाऊबंदांत कुजबुज झाली, जैनाचा पोरगा आणि बंदूक? धन्यकुमारांना यातूनही वाट सापडली. भरतेश रसदीच्या कोअरमध्ये गेला होता. पीठ, डाळ, रॉकेल, दुधाची भुकटी, सगळं डोंगरावरच्या चौक्यांना पोचवायचं काम. ‘आमचा भरतेश जवानांना जेवाय घालतो,’ असं ते चारचौघांत सांगू लागले. ऐकणारेही माना डोलवू लागले आणि विषय मिटला. एकट्या आक्काताई एकदा म्हणाल्या होत्या की वर्दी म्हणजे वर्दी, तिला डाळ-तांदूळ काय आणि गोळी काय. पण बायकांचं बोलणं म्हणून ते यांनी कानाआड केलं.

यंदा माघात हळद शिजवायला काढली होती आणि भरतेश सुट्टीवर आला. दोन दिवस गड्यांबरोबर राबला. तिसऱ्या दिवशी जेवताना त्यानं सांगून टाकलं की त्यानं आपली कोअर सोडून स्पेशल फोर्सेसमध्ये जायला अर्ज केला होता आणि तो मंजूर झालाय. सुट्टी संपली की प्रोबेशन. काही महिने घासून काढतात, टिकला तो त्यांचा होतो, नाही टिकला तो आपल्या जुन्या कोअरमध्ये परत.

धन्यकुमारांच्या हातातला घास हातातच राहिला. चांगलं मानाचं खातं सोडून हे कशाला, असं त्यांनी परोपरीनं विचारलं. भरतेशनं एकच गोष्ट सांगितली. मागच्या थंडीत त्यानं एका चौकीवर जेवण पाठवलं होतं. वर पोचलं तेव्हा ते खायला तिथं कुणी उरलं नव्हतं, आणि सगळं जेवण जसंच्या तसं खाली परत आलं. ते उतरवून घ्यायला तोच उभा होता. तेव्हापासून त्याला खाली उभं राहवत नव्हतं.

आक्काताईंनी भाकरी फिरवली आणि चुलीकडं बघतच विचारलं, “तितं समोरच्यानं काई करायच्या आदी हात तू उचलायचास का?”

“येळ आली तर व्हय, आई.”

त्यांनी भाकरी त्याच्या ताटात टाकली. दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन बस्तीत गेल्या, दर्शन केलं आणि परत आल्या. बाईचा चेहरा उतरलेला होता, ते कुणालाही दिसत होतं. पण जाऊ नको असा शब्द त्यांनी काढला नाही. भरतेश गेला त्या दिवशी त्याच्या पिशवीत शेंगदाण्याचे लाडू त्यांनीच भरले.

धन्यकुमारांना मात्र राहवेना. रात्र रात्र डोळा लागेना. त्यांना लालासाहेब आठवले. भरतेशच्या शाळेत लालासाहेबांचा धैर्यशील त्याच्या वरच्या वर्गात होता आणि भेटीच्या रविवारी दोघे बाप एकाच लिंबाखाली डबा उघडायचे. लालासाहेब स्वतः सुभेदार होऊन निवृत्त झालेले, आणि धैर्यशील आज याच स्पेशल फोर्सेसमध्ये होता. कोयनानगरच्या वाटेवर, घाटाच्या पायथ्याशी त्यांचं गाव. धन्यकुमारांनी गाडी काढली.

नशिबानं धैर्यशील सुट्टीवर घरीच होता. नशिबानं म्हणायचं ते रीत म्हणून. दांडगा, देखणा पोरगा, पण भिंतीला पाठ लावून, दाराकडं तोंड करून बसलेला. धन्यकुमार आत आले तेव्हा तो आधी त्यांच्या हातांकडं बघत होता, मग तोंडाकडं. त्यांनी कौतुकानं विचारलं, कुठं असतोस, काय काम करतोस. तो हसला आणि म्हणाला, “काका, च्या घ्या.” तेवढंच. चहा संपायच्या आत उठून तो परड्याकडं गेला आणि त्याची आई दारातून त्याच्या पाठीकडं बघत राहिली.

लालासाहेब मग हळू आवाजात म्हणाले, “आण्णा, पोरगं माझं हाय, घरात जेवतंय, झोपतंय. पण आलंय का न्हाई, ते मला अजून कळंना.”

धन्यकुमारांनी चहाची कपबशी खाली ठेवली. त्यांनी आडून आडून विचारलं, यातून माघारी येता येतं का? लालासाहेब म्हणाले, एकदा तिथला झाला की मग नाही. पण प्रोबेशन चालू आहे तोवर येतं. पोरानं आपणहून नको म्हणायचं, बस्स. कुणी टोचून बोलत नाही, जुन्या कोअरमध्ये पाठवून देतात. पण तसं म्हणणारं पोरगं मुळात तिथं जातच नाही, असंही ते म्हणाले. धन्यकुमारांनी पहिलं तेवढं धरलं आणि दुसरं सोडून दिलं. माणूस सोयीचा होता, हे सांगितलंच आहे.

परतीच्या वाटेवर कराडपर्यंत ते विचार करत राहिले. आपलं तो ऐकणार नाही. ऐकलं तर फक्त आईचं, आणि आई तर काही म्हणत नाही. कराड मागं पडलं तेव्हा त्यांचं ठरलं होतं.

प्रोबेशन सुरू झाल्यावर भरतेशचा फोन काढून घेतला गेला. मधे एका संध्याकाळी सगळ्यांना घरी बोलायला थोडा वेळ दिला. फोन वाजला तेव्हा धन्यकुमार अंगणात होते. आत आक्काताई भाकऱ्या थापत होत्या आणि थापण्याचा आवाज बाहेर येत होता. धन्यकुमार फोन कानाला लावून चालत चालत गोठ्यापलीकडं, उसाच्या कडेला गेले.

पोराचा आवाज खोल गेला होता. ‘बरा हाय’ म्हणाला. आईला द्या म्हणाला.

“तुजी आई बोलत न्हाई,” धन्यकुमार म्हणाले. “मौन धरलंय. तिनं नियम घेतलाय भरतेश. तू तितनं माघारी येस्तवर अन्नाला शिवणार न्हाई. निस्तं दूध आणि फळं.”

“बस्तीत घेतला?”

“बस्तीत. भगवंतासमोर.”

आता येतो म्हणेल, त्यांनी मनात धरलं. दीपालीच्या वेळचा नियम या पोरानं डोळ्यांनी बघितला होता, आईचा नियम म्हणजे काय ते त्याला सांगावं लागत नव्हतं. म्हणून तर हे खोटं निवडलं होतं.

“बरं,” भरतेश म्हणाला. “मग माजंबी तसंच समजा. ती अन्न घेईपातूर मीबी घेणार न्हाई. तिला सांगू नका, जीवाला लावून घील.”

“आरं, म्हंजे? तू माघारी ये की, भरतेश—”

पण कुणीतरी वेळ संपल्याचं ओरडलं आणि फोन तुटला. धन्यकुमारांनी पुन्हा लावला, पुन्हा लावला. बंद. आतून आक्काताईंनी हाक मारली, दिवस मावळायला आलाय, जेवून घ्या. गरम भाकरी, वांग्याची भाजी. त्या शेजारी बसून रोजच्यासारख्या निवांत जेवल्या. त्यांचा प्रत्येक घास हा माणूस मोजत होता.

करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं आपण हसत म्हणतो. इथं हसण्यासारखं काही नव्हतं. धन्यकुमारांनी सकाळी लालासाहेबांना फोन लावून सगळं सांगितलं, फक्त आपण खोटं बोललो हे सांगताना जीभ दोनदा अडखळली. लालासाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले की तिथं पाठीवर वजन देऊन रात्रंदिवस पळवतात, झोपू देत नाहीत, जेवण तोडून तोडून देतात. पोटात भाकरी असलेली पोरंच कोसळतात. ज्यानं आपणहूनच अन्न टाकलंय त्याचं काय होईल ते त्यांना सांगता येत नव्हतं. निरोप आत जाईल का, असं धन्यकुमारांनी विचारलं. लालासाहेबांनी धैर्यशीलला विचारून बघितलं आणि परत फोन केला.

“घरात कुणी गेल्याबिगर निरोप आत जात न्हाई म्हंतोय,” ते म्हणाले. “आण्णा, आदी वैनींना खरं काय ते सांगा.”

आणि ऐका, त्या क्षणी धन्यकुमारांच्या मनात तेही येऊन गेलं. कुणी गेलं असं कळवलं तर? कोण गेलं म्हणून कळवायचं, हेसुद्धा मनानं चाचपून बघितलं. मग त्यांना स्वतःचीच भीती वाटली.

बायकोला सांगायचं धाडस काही होईना. त्याऐवजी त्यांनी स्वतःची भाकरी बंद केली. पोट बिघडलंय म्हणाले, दुधावर राहू लागले. त्यातही आपलं जमवून घेणं होतंच. आपण उपाशी राहिलो की पोराच्या उपासातला थोडा भार आपल्याकडं येईल, असं काहीतरी त्यांनी मनाशी मांडलं होतं. दिवसभर हळदीच्या ढिगाशेजारी बसून ते फोनकडं बघत. गडी काही विचारायला आला की दचकत. गाल बसले, सदरा ढिला झाला. रस्त्यावर पोस्टाची लाल मोटरसायकल वाजली तरी ते उठून उभे राहत.

आक्काताई काही दुधखुळ्या नव्हत्या. एका सकाळी त्यांनी ताट पुढं ठेवलं आणि समोर बसून राहिल्या. पोट बिघडलेला माणूस फोन उशाशी घेऊन का झोपतो, असं विचारलं. धन्यकुमारांनी इकडचं तिकडचं सांगून बघितलं. मग त्यांचा बांध फुटला आणि सगळं सांगून टाकलं. लालासाहेबांचं घर, उसाच्या कडेचा फोन, न घेतलेला नियम, न धरलेलं मौन, आणि पोराचं ते ‘माजंबी तसंच समजा’. सांगताना ते लहान पोरासारखे रडले.

आक्काताई ओरडल्या नाहीत. रागावल्या असत्या तर धन्यकुमारांना बरं वाटलं असतं. त्यांनी चुलीवरचा तवा खाली उतरवला, अंघोळ केली, धुतलेलं लुगडं नेसल्या आणि निघाल्या. धन्यकुमार मागोमाग बस्तीपर्यंत पळत गेले. तिथं त्यांनी आपल्या बायकोला भगवंतासमोर हात जोडून तोच नियम घेताना ऐकलं, ते फोनवर बोलले होते त्याच शब्दांत: भरतेश तिथून माघारी येईपर्यंत अन्नाला शिवणार नाही.

बाहेर पायरीवर त्यांनी हात जोडले. म्हणाले, अगं, पोरगं तिकडं तसं, आता तू इकडं, मी काय करू?

“माजं आन् भगवंताचं नाव घिऊन तुमी बोललाय,” आक्काताई म्हणाल्या. “पोरगं खोट्यासाठी उपाशी मरतंय. निदान खऱ्यासाठी तरी ऱ्हाऊ दे.”

त्यानंतर त्या घरात चूल पेटायची ती गड्यांपुरती. दोन माणसं समोरासमोर बसून दूध प्यायची आणि एकमेकांकडं बघायची नाहीत. आक्काताईंचं अंग दिवसादिवसानं वाळत चाललं. बाहेर काहिलीत हळद रटरटत होती, वास घरभर भरला होता. गावात कुणालाच काही ठाऊक नव्हतं. भरतेश काय म्हणतोय, असं लोक विचारत, आणि धन्यकुमार ‘जेवाय घालतोय जवानांना’ असं म्हणायला तोंड उघडून मिटत.

मग एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. लष्करी दवाखान्यातला डॉक्टर होता, हिंदीत बोलत होता. कॅप्टन भरतेश वजन घेऊन चालताना कोसळलाय, आता शुद्धीवर आहे. पण तो पोळी-भात घेत नाही, दुधावर आहे, आणि इतके दिवस तसाच राहिला हे त्यानं कुणाला कळू दिलं नाही. जेवला तर आठवड्यात पुन्हा उभा राहील आणि पुढच्या तुकडीबरोबर प्रोबेशन पुरं करू शकेल. नाही जेवला तर त्याला इथून परत पाठवावं लागेल. तो म्हणतोय, आधी आईशी बोलू द्या.

धन्यकुमारांनी फोन मोठ्या आवाजावर टाकला आणि आक्काताईंच्या हातात दिला. भरतेशचा आवाज इतका बारीक होता की ओळखू येईना.

“आई, मौन सुटलं का तुजं?”

“बोल बाळा.”

“खरं सांग. अन्न घेतलंस का? न्हाई म्हणालीस तर मी आजच माघारी येतो, कागद तयार हाय. आणि घेतलं असशील तर मीबी जेवतो आणि म्होरं जातो. तू सांगशील तसं.”

धन्यकुमार पुढं सरकले. तिला खोटं बोलता येत नाही, आणि खरं तर ‘नाही’ असंच आहे. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या बाजूनं खरं उभं होतं. एक शब्द, आणि पोरगं घरी. बघा, एवढं सगळं होऊनही या माणसाला त्यातून वाट दिसलीच. त्यांनी मान हलवून, डोळ्यांनी, हातानं बायकोला सांगितलं, म्हण, नाही म्हण, खरं ते सांग.

आक्काताईंनी त्यांच्याकडं बघितलं. मग भिंतीला धरून उठल्या, फोन हातात घेऊनच स्वयंपाकघरात गेल्या. गड्यांच्या भाकऱ्यांची पाटी झाकून ठेवली होती. त्यांनी फडकं बाजूला केलं, भाकरीचा तुकडा मोडला आणि तोंडात घातला. वाळलेल्या तोंडात तो फिरेना. त्यांनी पाणी घेतलं, चावला, गिळला. पलीकडून पोरगं ‘आई, आई’ म्हणत होतं.

“घेतलं,” त्या म्हणाल्या. “भाकरी खाल्ली मी. तू जेव.”

“खरं?”

“मी कवा खोटं बोललेय?”

पलीकडं पोरगं रडलं की हसलं ते कळलं नाही. मग म्हणाला, “मग मी जातो, आई. आता लय दिवस फोन व्हायचा न्हाई.” आक्काताईंनी ‘जा’ म्हटलं. फोन बंद झाला.

धन्यकुमार दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. काय केलंस हे, एवढंच त्यांना विचारता आलं. आक्काताई जमिनीवर बसल्या. त्यांनी हळू आवाजात सांगितलं की तुम्ही पोराच्या पायात माझ्या नावाचा दोर बांधला होता, तो मी सोडला. त्याला यायचं तर त्यानं स्वतःच्या मनानं यावं, नाही यायचं तर तेही त्याच्या मनानं. धन्यकुमारांना पाटीतली मोडलेली भाकरी दिसत होती. भगवंतासमोर घेतलेला नियम या बाईनं पहिल्यांदाच मोडला होता, आणि पोरगं पुढं निघून गेलं होतं.

सवयीनं त्यांनी त्यातूनही वाट काढायला घेतली. म्हणाले, चल, बस्तीत जाऊ, पंडितांना विचारू. मोडलेल्या नियमाला प्रायश्चित्त असतं, दोघं मिळून घेऊ, सगळं व्यवस्थित होईल.

“चुकून मोडला असता तर घेतलं असतं,” आक्काताई म्हणाल्या. “मी समजून मोडलाय. तितं त्येला जे करावं लागंल, तेबी त्यो समजूनच करंल. आता मी आणि त्यो एका बाजूला. तुमी तुमचं बघा.”

असं म्हणून त्यांनी पाटीतली भाकरी आपल्या ताटात घेतली, दुसरं ताट काढलं, आणि नवऱ्याला जेवायला वाढलं.